कोरड्या धबधब्याचे नाना

प्रल्हादनानांनी मला पहिल्यांदा धबधबा दाखवला तो पौष महिन्यात. पौषात! मी नाशिककडची, जळगावच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागलेली. सातपुड्याच्या पायथ्याचे ओढे दिवाळीनंतर आटून जातात हे मला कुठलं ठाऊक? नानांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "रविवारी कुंडधारेला जायचं. धबधब्याखाली भरीत." मी आपली आदल्या दिवशी पिशवीत टॉवेल, जादा कपडे, केस पुसायला पंचा असं सगळं भरून तयार.

टेम्पोतून उतरून पाहते तर समोर उंचच उंच काळा कातळ. खाली एक डबकं, त्यात दोन शेळ्या तोंड घालून उभ्या. मी विचारलं, "नाना, धबधबा कुठंय?"

"हा काय."

"अहो पण पाणी?"

"पाण्याचं काय करायचंय तुम्हाला?" नानांनी असं विचारलं की मलाच क्षणभर वाटलं, खरंच, आपलं काय काम होतं पाण्याशी?

नाना आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, वाळलेला देह, पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात खडू. निवृत्त झाल्यावरही खडू असायचाच. त्या दिवशी त्यांनी त्या खडूनं कातळावर रेघा मारून मला पंधरा मिनिटं उभं धरलं. पोटात कावळे ओरडत होते आणि हे सांगतायत, हा थर कठीण, हा मऊ, इथून पाणी घसरतं, तिथं आपटतं. "बाई, पाणी आलं की दगड दिसत नाही. धबधबा म्हणजे दगड. पाणी हे पाहुणं. येतं नि जातं. दगड घरचा माणूस." शिपाई, लेखनिक, मुख्याध्यापक, सगळे हे दरवर्षी ऐकत आलेले. कुणी हसायचंसुद्धा नाही. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, काय विक्षिप्त माणूस आहे हा!

खरं कारण निराळंच होतं. कारण होतं भरीत. नाना जळगावशेजारच्या असोद्याचे, आणि असोद्याच्या माणसाशी भरतावर वाद घालू नये. भरताचं मोठं हिरवं वांगं थंडीतच खरं. कपाशीच्या वाळक्या काड्या रचून त्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साली काढायच्या, मिरच्या भाजायच्या आणि लाकडी बडगीत सगळं घालून दणादण ठेचायचं. वर कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. पावसाळ्यात वांगं पाणचट आणि काड्या ओल्या. मग पावसाळ्यात धबधब्यावर जाऊन करायचं काय, असा नानांचा सरळ हिशेब. "आणि काय ती गर्दी! पोरं त्या स्पीकरच्या डब्यावर गाणी लावता, दारू पिता, पाण्यात बाटल्या फोडता. मी नाही बापा जात," असं म्हणून ते दोन्ही हात झटकायचे. थोडक्यात, ज्या धबधब्याबद्दल नाना तासभर बोलू शकत, तो वाहताना त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि याचं त्यांना काडीचंही वाटत नव्हतं.

बाजारात त्यांच्याबरोबर वांगी घ्यायला जाणं ही शिक्षा होती. एकेक वांगं हातात घ्यायचे, कानाशी नेऊन हलवायचे, परत ठेवायचे. हलकं वांगं हवं, जड वांग्यात बिया. भाजीवाली शेवटी वैतागून म्हणायची, "नाना, वांगं घ्यायचंय का सून पाह्यची हाये?" नाना तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "सून नापसंत निघाली तर निभतं. भरतासाठी बाहेरचं माणूस जेवायला येतं." एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात पंगतीला भरीत होतं. नानांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग हळूच मला विचारलं, "बाई, गॅसवरचं हाये ना?" मला काय कळतंय! नानांनी पानाला नमस्कार केला, भरीत बाजूला सारलं, वरणभात जेवले, नवऱ्यामुलाला भरघोस आशीर्वाद दिला. घरी येईपर्यंत मात्र गप्प. दुखवटा पाळल्यासारखे.

शाळेत असताना त्यांची भाषा पुस्तकी. पण जाळ पेटला, राग आला किंवा जीव हलला की असोदा जिभेवर यायचं. 'ळ'चा 'य' व्हायचा, डोळ्याचा डोया. मला त्यावरून त्यांचं मन ओळखता यायला लागलं. वर्गात त्यांनी 'गधड्या' म्हटलं तर पोरं हसत. 'काबरं रे पोऱ्या' म्हटलं की पोरं चिडीचूप.

भरताचा पहिला वाटा कुणालाच मिळायचा नाही. नाना तो डब्यात भरून झाकण लावायचे. घरी सुमनअक्का वाट बघायच्या. या सुमनअक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. पहाटे उठून सगळ्यांसाठी कळण्याच्या पुऱ्या लाटून देणार, आणि स्वतः घरी. शिक्षकांची सहल, तिथं बायकोला कसं न्यायचं, हा नानांचा नियम. नियम म्हणजे नियम. शाळेची घंटा, वह्यांना कव्हर, रस्त्याची डावी बाजू, सगळं कडक. अक्का कधी कुरकुरल्या नाहीत. त्या कशालाच 'नको' म्हणत नसत. जेवण कसं झालं? बरं झालं. साडी आवडली? बरी आहे. दुखतंय का? नाही तेवढं. अशा माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायला देवच हवा.

निवृत्तीनंतर नियम सैल झाला आणि अक्का येऊ लागल्या. त्याही पौषातच. तोवर तिथं सरकारनं पर्यटनस्थळ केलं होतं. फाटक आलं, तिकीट आलं, झोके, घसरगुंड्या, सिमेंटच्या छत्र्या आणि एक सिमेंटचं हरीण. हरणाला शिंगं सांबराची. नाना त्या हरणाला बघून दरवेळी नव्यानं चिडायचे. फाटकाबाहेर रूमसिंगची चहा-भज्यांची टपरी. हा पावरा समाजाचा, तिथंच शेती असलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. नाना त्याला दर खेपेला हरणाविरुद्ध तक्रार ऐकवत आणि तो बिचारा "हाव नाना, हाव नाना" करत चहा गाळत राही.

एकदा आम्ही दोघी झोक्यांपाशी बसलो होतो. पलीकडे नाना कुणा पाहुण्याला कातळ समजावून सांगत होते. अक्का त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "शोभा, यायनं मले इतके वरीस धबधबा सांगला. पाठ झाला. पण मले एकदाव पाणी पाह्यचं हाये."

"मग सांगा ना त्यांना!"

"जाऊ दे. त्यायले गर्दी सोसत नही."

मी काय गप्प बसतेय! त्याच संध्याकाळी परतताना गाडीत सांगून टाकलं.  नाना मागे वळून अक्कांना म्हणाले, "काबरं सांगलं नही मले?" अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. ठरलं, येत्या श्रावणात जायचं.

त्या श्रावणात अक्कांच्या बहिणीचं आजारपण आलं. पुढच्या श्रावणात नानांचा गुडघा. आणि त्यानंतर अक्कांचे डोळे.

साखर होतीच त्यांना. तिनं आतून पडदे पोखरले. उजव्या डोळ्यानं दिसायचं थांबलं, डाव्यासमोर ढग यायला लागले. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस, गोलमोल बोलला नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करावंच लागेल, नाही केलं तर नजर जाणारच. केलं तर राहील, पण ग्वाही देत नाही. श्रावणातली तारीख मिळाली. अक्का म्हणाल्या, "बरं."

जळगावला परत येईपर्यंत नाना एस.टी.च्या खिडकीतून आभाळच बघत होते म्हणे. घरी आले, पाय धुतले आणि रूमसिंगला फोन लावला.

"पाणी आलं का रे?"

"नही नाना, अजून कोरडं शे."

मग हे रोजचंच झालं. सकाळी चहा झाला की फोन. आमची घरं शेजारी शेजारी, भिंतीला भिंत. त्यामुळे मला अलीकडून सगळं ऐकू यायचं. पाऊस त्या साली रुसलेला. आभाळ भरून यायचं, दोन शिंतोडे, पुन्हा ऊन. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याला पाहुणं म्हटलं तो आता अंगणात उभा राहून डोळ्यांवर हात धरून उत्तरेकडे बघायचा. सातपुड्यावर ढग दिसले की मला हाक, "बाई, बाहेर या, ते पाहा, बरसतंय का तिकडं?" मी म्हणायचे, "बरसतंय नाना." मला काही दिसत नसायचं. पण खोटं बोलताना मुळीच वाईट वाटत नव्हतं.

कुणीतरी सुचवलं की मोबाईलवर धबधब्याची चित्रफीत दाखवा अक्कांना, हवी तेवढी मिळते. नाना भडकले. "मोबाईलमधलं पाणी अंगावर येतं का?" मग शांत होऊन म्हणाले, "आणि तेवढं बारीक तिले दिसत नही आता."

मी त्यांना एरवी कधी घाबरलेलं पाहिलं नाही. त्या दिवसांत पाहिलं. अक्कांसमोर मात्र काही नाही. त्यांच्यासमोर हरणाची शिंगं, भाजीचे भाव, मुख्याध्यापकांची जुनी फजिती. अक्का भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेल्या की नाना बोलता बोलता थांबायचे आणि भांड्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन बसायचे.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मला मोकळेपणी तो दिवस सांगता येईल. ऑपरेशन झालं. नजर राहिली नाही. अक्कांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आणि नाना त्याच वर्षी, दिवाळी संपता संपता, झोपेतच गेले. वांगी अजून बाजारात यायची होती. अक्का आता माझ्याकडेच जेवतात. दोन घरांच्या मधल्या भिंतीत आम्ही दार पाडून घेतलं. तर तो दिवस.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. मी दारात कणा रांगोळी करत होते आणि भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला. रूमसिंगचाच फोन होता यावेळी. नानांचा मोबाईल इतका मोठ्यानं लावलेला असायचा की अर्ध्या गल्लीला कळलं, "नाना! पाणी उनं! रातभर पडना. भलतं पाणी शे, बठ्ठं पांढरं व्हयी गयं!"

रात्रभर पाऊस पडून पाणी आलं होतं. नाना धावतच आले. पायात चप्पल नाही. "बाई, गाडी काढा."

मी गाडी काढली. शाळेत रजेचा अर्ज नंतर दिला, मुख्याध्यापकांनी काय ते बोलून घेतलं. तापीचा पूल ओलांडला तेव्हा नदी गढूळ, दोन्ही अंगांनी केळीची पानं वाऱ्यानं फाटत होती. अक्का मागे बसलेल्या, नवी साडी नेसून. हिरवी, लग्नाला निघाल्यासारखी. नाना सारखे मागे वळून विचारायचे, "ती पिवयी पाटी दिसते का? ती बैलगाडी?" अक्का सांगत, "दिसते." "बैल कोणता, पांढरा का लाल?" "अहो, गाडी गेली ना आता."

पोचलो, आणि फाटक बंद. साखळी, कुलूप, वर फलक: ओढ्याला पूर आहे, प्रवेश बंद. पलीकडे सिमेंटच्या छत्र्यांखालून गढूळ पाणी धावत होतं. आतून नुसता आवाज येत होता, जमीन हलवणारा. झाडांच्या आड सगळं झाकलेलं, एक थेंब दिसत नव्हता.

पहारेकरी पोरसवदा. रेनकोटात भिजून उभा. मी उतरले आणि त्याला चांगलंच सुनावलं. आम्ही कुठून आलो, का आलो, अक्कांच्या डोळ्याचं काय आहे, सगळं. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. उद्या काही झालं तर..." मी आणखी तोंड उघडणार तोच नानांनी मला थांबवलं.

"बरोबर करतोय तो," नाना म्हणाले. "नियम हाये. पोरांना मीच सांगायचो, पुराच्या पाण्यात जाऊ नये." आणि गाडीशी येऊन, खिडकीत वाकून अक्कांना म्हणाले, "सुमन, बंद हाये. आपण पुढच्या सालाले येऊ."

अक्का नेहमीसारखं 'बरं' म्हणतील असं मला वाटलं. नानांनाही वाटलं असणार. अक्कांनी दार उघडलं, चाचपत खाली उतरल्या, गाडीला धरून उभ्या राहिल्या. पाऊस तोंडावर येत होता.

"पुढच्या सालाले मले काय दिसीन?" त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही. पण मी त्यांना ओळखायला लागल्यापासून त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला नकार.  नाना वळले, फाटकापाशी गेले, आणि त्या पोरापुढं या कडक, नियमाच्या माणसानं हात जोडले.  तो पोरगा रडकुंडीला आला. "बाबा, असं नका ना करू," म्हणत तो मागे सरकला, पण कुलूप काही उघडलं नाही. आणि त्यानं ते उघडलं नाही हे बरोबरच होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी मी त्याला शिव्या दिल्या.

रूमसिंग टपरी झाकत होता. हा सगळा प्रकार बघून तो जवळ आला. "नाना, आत काबरं जाता? माझ्या शेतातून दिसतं."

"कोठून?"

"हे काय, वर. ओढ्याच्या अलीकडेच. उंचावर शे, पाणी तिथं येत नही."

"अरे बाबा, मग इतके दिवस सांगलं नही?"

"तुम्ही येता थंडीत," रूमसिंग म्हणाला. "तव्हा तिथून काय दिसीन?"

त्याच्या मक्यातून आम्ही चढलो. चिखल मण मण चिकटत होता. रूमसिंग पुढे, पानं बाजूला सारत. त्याच्यामागे नाना, उलटे चालत, म्हणजे तोंड अक्कांकडे, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरलेले. मी मागून अक्कांच्या पाठीला हात लावून. दुखऱ्या गुडघ्यानं हा माणूस चढावर उलटा चालतोय, मला वाटलं आता पडतो, मग पडतो. "नाना, तोंड वळवा, सरळ चाला." ऐकतील तर शपथ.

बांधावर आलो आणि मका संपला.

समोर, ओढ्यापलीकडे, तो सगळा कातळ नाहीसा झाला होता. मी काय सांगू! इतकी वर्षं ज्याच्यावर खडूच्या रेघा पाहिल्या तो दगड कुठं दिसतच नव्हता. नुसतं पाणी, पांढरं, वरून कोसळणारं, आणि खालून परत धूर होऊन वर येणारं. तुषार आमच्या तोंडापर्यंत येत होते. माझ्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं.

बांध निसरडा. अक्कांचा पाय ठरेना, म्हणून नानांनी हात सोडले नाहीत. ते तसेच उभे राहिले, अक्कांसमोर, धबधब्याकडे पाठ करून. अक्कांनी मान थोडी तिरपी केली, डाव्या डोळ्याला जागा करून दिल्यासारखी, आणि नानांच्या खांद्यावरून बघू लागल्या.

"दिसतं का?" नानांनी ओरडून विचारलं. आवाजात ओरडावंच लागत होतं.

"दिसतं."

नानांचा विश्वास बसेना. कसा बसणार? ही बाई सगळ्यालाच हो म्हणणारी. त्यांना बरं वाटावं म्हणून ती अंधारातही 'दिसतं' म्हणाली असती. नानांनी तिचा चेहरा न्याहाळला, मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "धारा किती दिसता तुले?"

अक्कांनी डोळा बारीक केला. "तीन."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो, तीन.

"मोठी कोणती?"

"मधातली. डावीकडली खाली येऊन खडकावर फुटते. उजवीकडली बारीक हाये, झाडामांगे दडते नि पुन्हा निघते." आणि मग कुणी न विचारता त्या बोलतच सुटल्या. मधातली कशी वळते, तिच्या पोटात कशी पिवळी झाक आहे, वरच्या काठावर एक झाड कसं वाकून थरथरतंय, आता पडीन जसं. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकेका वाक्याला नाना माझ्याकडे बघत होते आणि मी मान हलवत होते. बरोबर. बरोबर. झाड मला दिसलंसुद्धा नव्हतं, त्यांनी सांगितल्यावर दिसलं.  पाऊस होता म्हणून बरं झालं, नाहीतर आम्ही तिघंही रडतोय हे त्या रूमसिंगला दिसलं असतं.

"आता तुम्ही पाहा ना," अक्का म्हणाल्या. "मी उभी राहते. शोभा धरीन मले."

"तू पाह्य," नाना म्हणाले.

"अहो, इतकं चांगलं हाये. एकदाव मांगे वळा."

"तू पाह्य. मी पाहतो मग."

वरून सर आली. दाट, आडवी. बघता बघता पाणी, झाड, समोरचा डोंगर सगळं त्या सरीत बुडालं आणि नुसता आवाज उरला. रूमसिंगनं आमच्यावर मेणकापड धरलं आणि खाली चलायची घाई केली. मी म्हटलं, "नाना, थांबू या का थोडं? सर जाईल. तुम्ही पाहिलाच नाही हो."

त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. ते वाकून, एका हातानं अक्कांचा हात धरून, दुसऱ्यानं त्यांच्या पायांतल्या चपला काढत होते, चिखलात घसरू नये म्हणून. मग त्या चपला स्वतःच्या काखेत मारून ते मक्यातून पुढे निघाले. मी मागून बघत होते. अक्का अजून बोलत होत्या, आणि नाना, गुडघा ओढत, "हो का? अजून? अजून काय दिसलं?" असं विचारत चालले होते.